सुगरणीचा खोपा आणि मागे राहिलेली आई



मंडळात मातृत्वावरील कवितांचे वाचन झाले, त्या दिवशी मी बहिणाबाई चौधरींची 'खोपा' ही कविता वाचून दाखविली. सर्वांनी माना डोलावल्या. मात्र मागे बसलेल्या एका वृद्ध भगिनीने विचारले, "बाई, पिले उडून गेल्यावर त्या खोप्याचे काय होते?" मला चटकन उत्तर सुचले नाही. ते आज माझ्या अल्पमतीप्रमाणे देत आहे.

प्रथम कवयित्रीची हकीकत पाहू. बहिणाबाईंचा जन्म 1880 साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी दोन मुलगे व एक मुलगी. अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि घरोटावर, म्हणजे आपल्या जात्यावर दळताना, त्या ओव्या रचून गात. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी व घरातील आणखी एका नातेवाईकाने त्यांतली काही गाणी उतरवून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई वारल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जिला अक्षर ठाऊक नव्हते, तिचे नाव विद्येच्या दारावर लागले! पण हा सन्मान पाहायला त्या नव्हत्या, आणि आपले छापील पुस्तकही त्यांनी पाहिले नाही.

आता खोप्याकडे वळू. पाखराच्या एवढ्याशा चोचीचे कसब, झाडाला टांगलेले घर, पिलांत गुंतलेला आईचा जीव आणि शेवटी माणसाला त्याच्या हातांची आठवण, असे या कवितेचे रूप आहे. पक्ष्यांचे जाणकार मात्र सांगतात की, खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो. अंडी उबविणे आणि बहुतेक सारे संगोपन मादीकडेच राहते. आपल्या भाषेने या पाखराला 'सुगरण' हे बाईचे नाव दिले आणि बहिणाबाईंनी विणकामही आईकडेच सोपविले. कोणी याला चूक म्हणतील. मला ती चूक वाटत नाही. ज्या बाईवर ऐन तिशीत बापाचे आणि आईचे दोन्ही काम येऊन पडले, तिला घरटे आईनेच विणलेले दिसणार!

म्हणून हे चित्र नुसते गोड नाही. दाराशी आलेल्या ज्योतिषाला परत पाठविणारी त्यांची दुसरी कविता याच्या शेजारी ठेवून वाचावी. तिच्यात पुसलेल्या कुंकवाचे दुःख आहे, आणि आपले नशीब आपल्याला कळते, ते दुसऱ्याने सांगायला नको, असा ताठ कणाही आहे. एकटेपण आईच्या वाट्याला म्हातारपणीच येते असे नाही. घर भरलेले असतानाही ते तिच्याजवळ असते. वय झाले म्हणजे इतरांना ते दिसू लागते, एवढेच.

'खोपा' पिलांपाशी थांबते. पुढचे आपल्याकडे पाहावे. पावसाळ्यात विहिरीकाठच्या शिंदीवर खोपे गजबजलेले असतात. पाऊस सरला की ते रिकामे लोंबतात. त्याच सुमारास भाताची कापणी उरकते, दिवाळी होते, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मागे राहतात म्हाताऱ्या, आणि कधी त्यांच्या ओटीत नातवंडे. त्या शिमग्याची वाट पाहतात, नाहीतर पहिल्या पावसाची. येथे मुले आईला विसरलेली नसतात. पोट त्यांना नेते. या एकटेपणाला दोष कोणाला द्यावा?

रिकाम्या खोप्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. मुनियांसारखी लहान पाखरे कधी कधी जुन्या खोप्यात रात्रीच्या निवाऱ्याला येतात. विणणाऱ्याचे काम संपले, तरी घरट्याचे संपत नाही. नातवंडे सांभाळणारी आजी पाहिली की मला हे आठवते. त्या वृद्ध भगिनीला माझे उत्तर हेच.

उत्तर देऊन आपले काम मात्र संपत नाही. बहिणाबाईंची जी गाणी कोणी उतरविली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. आपल्याकडेही पीठगिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. लग्नात पालघट देवीच्या चौकापाशी गाणाऱ्या धवलेरीची गाणी पुष्कळशी तिच्या मुखातच आहेत. म्हातारपणी माणसाला भाकरीइतकीच ऐकणाऱ्याची गरज असते. तेव्हा या वर्षी मंडळाने एक करावे. दिवाळीनंतर दोघी-दोघींनी पाड्यावर जावे, मागे राहिलेल्या आजीजवळ बसावे, आणि तिची परवानगी घेऊन तिचे गाणे तिच्याच बोलीत वहीत उतरवावे. गाणे आठवले नाही तर नुसते बसावे. कवितेने आठवण करून दिलेले हात आपल्यालाही आहेतच.