उपाशी पोट आणि तातडीची भूल

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या अपेंडिक्सवर तातडीची शस्त्रक्रिया केली. गांधीजींना येरवडा तुरुंगातून आणले होते. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले, हे आपण वाचलेले असते. पण उपवासांसाठी जग ज्यांना ओळखते, त्यांनाही त्या रात्री उपाशीपणाची खात्री देता आली नसती, हे सहसा लक्षात येत नाही. अपेंडिक्स सुजले की जठर मंदावते. वेदना, भीती, अफूजन्य औषधे यांनीही तेच होते. आठ तास उलटले तरी अन्न पोटात राहू शकते. भुलेत ते उलटून वर आले, तर खोकून टाकायला रुग्ण जागा नसतो आणि ते फुप्फुसांत उतरते.

ही धास्ती जुनी आहे. १८४८ मध्ये इंग्लंडात पायाच्या नखासाठी क्लोरोफॉर्म दिलेली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी दगावली. क्लोरोफॉर्मचे पुरस्कर्ते सिम्प्सन यांनी दोष दिला तो तिला सावध करण्यासाठी तोंडात घातलेल्या पाण्याला आणि ब्रँडीला. (आपल्या औषधाची वकिलीही त्यात असावी.) पुढे लिस्टर यांनी सांगितले, की पोटात घन अन्न नको, पण दोन तास आधी चहा चालेल.

न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ प्रसूतींचा आढावा छापला. ६६ स्त्रियांच्या फुप्फुसांत जठरातील द्रव्य गेले होते. दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने गुदमरून. आम्लाने फुप्फुस कसे पोळते, तेही त्यांनी सशांवर दाखवले. या धसक्याने ‘रात्री बारानंतर पाणीही नको’ हा नियम सरसकट रूढ झाला, आणि लिस्टरचा चहा विसरला गेला. १९९९ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत पाणी व बिनदुधाचा चहा पुन्हा मान्य केला.

तातडीच्या रुग्णाला हा हिशेब लागू नाही. त्याचे पोट भरलेलेच धरतात. झटपट भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात. १९६१ मध्ये सेलिक यांनी सुचवलेला गळ्यावरचा दाब आजही अनेक जण देतात, जरी त्याच्या उपयोगाबद्दल आता वाद आहे.

वसईत होळीवरून रात्री-अपरात्री पोटदुखीचा रुग्ण नेताना घरचे ‘घोटभर चहा दिला होता’ हे दडवतात. ऑपरेशन लांबेल अशी भीती असते. भूलतज्ज्ञाला दोन वेळा हव्या असतात : शेवटचे खाणे केव्हा झाले आणि दुखणे केव्हा सुरू झाले. त्यांतले अंतर जितके कमी, तितके पोटात अन्न उरले असण्याची शक्यता जास्त.