माळवदाखालची झोप

राजेरजवाड्यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. परंतु आपले पूर्वज वैशाखातील रात्री कशा काढीत, हाही इतिहासच होय. लातूर-धाराशिवकडील पुष्कळ ज्ञातिबांधवांचे बालपण माळवदाच्या घरांत गेले आहे. त्या घरांविषयी दोन शब्द लिहावेत, असे मनात आले.

या भागात पाऊस बेताचा आणि ऊन मात्र कडक. म्हणून कोकणासारखी उतरती छपरे येथे रूढ झाली नाहीत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व पाला, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद असे. भोवती दगड-मातीच्या दोन ते चार फूट रुंदीच्या भिंती. अशा भिंतीतून दुपारचे ऊन आत झिरपावयास कित्येक तास लागत. तोवर दिवस मावळलेला असे. छताला ठेवलेल्या साण्यातून कोंदट हवा वर निघून जाई. भर दुपारी बाहेरून आत पाऊल टाकले की डोळ्यांवर गार हात ठेवल्यासारखे वाटे. रात्री भिंती ती ऊब परत सोडू लागत, त्या वेळी घरातील मंडळी माळवदावर पाणी शिंपडून अंथरुणे टाकीत. आजीच्या कुशीत चांदण्या मोजता मोजता केव्हा डोळा लागे, हे कळत नसे.

परंतु सत्य एकाच बाजूने सांगणे शिक्षकाला शोभत नाही. माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पडे. जुनी मात्र क्वचितच काढली जाई. पिढ्यान् पिढ्या हा भार वाढत गेला. भिंतींना आतून व बाहेरून दगडांचे दोन पदर असत आणि मध्ये दगडगोट्यांची भर असे. त्या पदरांना एकमेकांशी बांधणारे लांब दगड बहुधा नसत.

ता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. उन्हाळा असता तर कित्येक माळवदावर असती. त्या रात्री ती माळवदाखाली होती. हजारो जीव गेले. जे छत्र उन्हापासून राखीत होते, तेच काळ झाले. काही ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खांबांवरील खण उभे राहिले आणि त्याखालची माणसे वाचली, हेही विसरता कामा नये.

पुढे वाचलेली माणसे दगडी भिंतीजवळ निजावयास धजेनात. पत्र्याचे निवारे आले, नंतर सिमेंटची घरे आली. जीव सुरक्षित झाला, पण झोप मात्र उडाली. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री आपल्याच अंथरुणावर सोडतो. पंखाही मग तीच तापलेली हवा फिरवितो.

मग पूर्वजांचे चुकले काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यांची युक्ती खरी होती, तिचा भार घातक होता. आपण भार टाकावा, युक्ती टाकू नये. भूकंपाला टिकेल अशा सळईच्या पट्ट्यांनी भिंती बांधाव्यात. स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याची पांढरी सफेदी द्यावी. पश्चिमेस कडुनिंब लावावा. समोरासमोर खिडक्या ठेवून रात्री उघडाव्यात आणि दुपारी मिटाव्यात. यास फारसा खर्च नाही.

घर बांधताना पाहुणे काय म्हणतील, याचा विचार आपण पुष्कळ करतो. आपल्या घरातील लेकरू वैशाखात निर्धास्त झोपेल काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आधी विचारावा, एवढीच या वृद्ध शिक्षकाची नम्र विनंती आहे.