होकार-नकारांची सरासरी : भाषिक पाहणीच्या इतिहासातील एक प्रश्न

ज्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' एवढीच उत्तरे संभवतात, त्या उत्तरांची सरासरी काढणे युक्त आहे काय, अशी शंका विद्यार्थी पुष्कळदा उपस्थित करतात. गणिताच्या दृष्टीने तिचे निरसन अवघड नाही. होकारास १ आणि नकारास ० असे अंक दिले, म्हणजे त्या अंकांची सरासरी हेच होकारांचे प्रमाण होय. शंभरांत साठ होकार असतील तर सरासरी ०.६० येते. एकाही निवेदकाचे उत्तर ०.६० नसते हे खरे. परंतु त्यामुळे सरासरी खोटी ठरत नाही. किंबहुना, प्रत्येक निवेदकाचे एकच उत्तर नोंदलेले असेल तर त्या आकड्यात सर्व काही येऊन जाते. प्रमित विचलनसुद्धा त्याच्यावरूनच निश्चित होते : ०.६० आणि ०.४० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.४९. ते निराळे छापल्याने ज्ञानात भर पडत नाही.

खरी अडचण एकाच निवेदकाची अनेक उत्तरे एकत्र केली जातात तेथे सुरू होते, आणि भाषिक पाहणीत बहुधा तसेच घडते. समजा, दहा निवेदकांकडून 'पाणी', 'लोणी' यांसारखे प्रत्येकी दहा शब्द म्हणवून घेतले आणि एकंदर शंभर उच्चारांत साठ वेळा 'ण' व चाळीस वेळा 'न' आढळला. सहा निवेदक सदैव 'ण' आणि चौघे सदैव 'न' उच्चारीत असतील, तरी सरासरी ६० टक्केच येईल. आणि दहाही निवेदक कधी 'ण' तर कधी 'न' उच्चारीत असतील, तरीही ती तेवढीच येऊ शकेल. पहिल्या स्थितीत एका वस्तीत दोन बोली नांदत आहेत. दुसऱ्या स्थितीत बोली एकच असून विकल्प तिच्या अंगचा आहे. दोहोंचे व्याकरण निराळे लिहावे लागेल. सरासरी मात्र दोन्ही ठिकाणी तीच राहते.

हा भेद संख्याशास्त्रात प्रथम काटेकोरपणे मांडणाऱ्यांत जर्मन अर्थशास्त्रज्ञ विल्हेल्म लेक्सिस यांची गणना होते. १८७७ व १८७९ मधील आपल्या लेखनात त्यांनी असा प्रश्न केला की, निरनिराळ्या वर्षांतील प्रमाणांमध्ये दिसणारा फरक केवळ यदृच्छेने पडणाऱ्या फरकाएवढाच आहे, की त्याहून अधिक? नवजात मुलामुलींच्या प्रमाणातील चढउतार यदृच्छेच्या मर्यादेत बसतात. परंतु इतर बहुतेक सामाजिक आकडेवारीतील चढउतार तिच्याबाहेर जातात, असे त्यांना आढळले. वर्षांच्या जागी निवेदक कल्पिले म्हणजे हीच कसोटी भाषिक पाहणीस लागू पडते.

या दृष्टीने विल्यम लबोव्ह यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्क येथे केलेली पाहणी आजही अभ्यसनीय आहे. स्वरानंतरच्या 'र'चा उच्चार हा तेथे प्रतिष्ठेचे लक्षण मानला जाऊ लागला होता. तीन मोठ्या दुकानांतील नोकरांना त्यांनी चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या एखाद्या वस्तूचा ठावठिकाणा विचारला, आणि ऐकू न आल्याचे भासवून पुन्हा एकदा उत्तर देण्यास लावले. 'फोर्थ फ्लोअर' हे दोन शब्द दोनदा, म्हणजे 'र'च्या उच्चाराचे चार प्रसंग प्रत्येक निवेदकाकडून मिळाले. उच्चभ्रू सॅक्समध्ये ६८, मध्यम दर्जाच्या मेसीजमध्ये १२५ आणि स्वस्त मालाच्या क्लाइनमध्ये ७१ असे एकूण २६४ निवेदक होते.

लबोव्ह यांनी निवेदकांचे तीन गट केले : सर्व ठिकाणी 'र' उच्चारणारे, काही ठिकाणी उच्चारणारे आणि मुळीच न उच्चारणारे. पहिल्या दोन गटांची बेरीज अनुक्रमे ६२, ५१ व सुमारे २० टक्के भरते, आणि सामान्यतः हेच आकडे उद्धृत केले जातात. परंतु बेरीज सोडवून पाहिली की निराळेच दृश्य दिसते. 'काही ठिकाणी' उच्चारणारे सॅक्समध्ये ३२ आणि मेसीजमध्ये ३१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आहेत. या दोन दुकानांतील अंतर 'सर्व ठिकाणी' उच्चारणाऱ्यांचे आहे : ३० आणि २० टक्के. क्लाइनमध्ये मात्र हे दोन्ही गट घटून ४ व १७ टक्क्यांवर आले आहेत.

येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याचा 'र' उच्चारण्याचा नित्याचा दर ७० टक्के आहे असा मनुष्य, चारही उच्चार परस्परनिरपेक्ष मानल्यास, शंभरात सुमारे २४ वेळा चारही ठिकाणी 'र' उच्चारील. तेव्हा 'सर्व ठिकाणी' या गटात विकल्पाने बोलणारेही शिरलेले असणार. चार उत्तरांवरून व्यक्तीचा स्वभाव ठरविता येत नाही.

१९६६ च्या ग्रंथात लबोव्ह यांनी वर्ग आणि भाषणशैली यांनुसार 'र'चे सरासरी निर्देशांक मांडले. त्यानंतर समूहाच्या टक्केवारीचे व्यक्तीच्या व्याकरणाशी नाते काय, यावर वाद झाला. डेरेक बिकर्टन यांनी १९७१ मध्ये असा आक्षेप घेतला की, समूहाची सरासरी व्यक्तींमधील भेद झाकून टाकते आणि कोणाच्याही बोलण्यात नसलेला नियम निर्माण करते. आक्षेप तर्कशुद्ध होता. तो वस्तुस्थितीस धरून होता काय, हे मोजूनच ठरणार होते. ते काम ग्रेगरी गाय यांनी इंग्रजीतील शब्दान्त्य 'त-द'च्या लोपाविषयीच्या १९८० च्या अभ्यासात केले. एकेका व्यक्तीचे थोडेच उच्चार हाती असताना व्यक्ती परस्परांपासून फार भिन्न वाटतात; परंतु एकेका संदर्भातील उच्चारांची संख्या तीसच्या आसपास गेली की बहुतेक व्यक्ती समूहाच्याच वळणावर येतात, असे त्यांनी दाखविले.

गणितही याला दुजोरा देते. ६० टक्के दराच्या व्यक्तीचे दहा उच्चारांवरून काढलेले प्रमाण यदृच्छेनेच सुमारे १५ टक्क्यांनी इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. तीस उच्चारांत हा फरक ९ टक्क्यांवर येतो. म्हणजे लेक्सिस यांचीच कसोटी येथे वेगळ्या वेषात आली. मात्र गाय यांचा निष्कर्ष प्रत्येक समाजाला आपोआप लागू होत नाही. 'ण' आणि 'न' यांच्या बाबतीत वस्ती दुभंगलेली आहे की व्यक्ती, हे त्या वस्तीतच मोजून पाहावे लागेल.

तात्पर्य, होकार-नकारांची सरासरी काढण्यास हरकत नाही. हरकत आहे ती एकट्या सरासरीवर थांबण्यास. निवेदक किती, प्रत्येकाची उत्तरे किती आणि व्यक्तींची प्रमाणे कशी विखुरली आहेत, या तीन गोष्टी तिच्या शेजारी छापल्या पाहिजेत. एरवी '६० टक्के लोक असे बोलतात' आणि 'लोक ६० टक्के वेळा असे बोलतात' ही दोन अगदी भिन्न विधाने एकाच आकड्याखाली दडून राहतात, आणि वाचक त्यांतील आपल्या पूर्वग्रहास सोयीचे असेल ते उचलतो.