ई-पुस्तकातील प्रकरणशीर्षकाखालील शोभारेषा

ई-पुस्तकातील प्रकरणाचे शीर्षक आणि त्यापुढील मजकूर यांच्यामध्ये घातलेली साधी, निमुळती किंवा वेलबुट्टीची आडवी रेघ म्हणजे शोभारेषा होय. छापील पुस्तकात ही रेघ कागदावर एकदाच उमटते. ई-पुस्तकात अक्षरांचा आकार, पडद्याची रुंदी आणि पार्श्वभूमीचा रंग वाचकाच्या इच्छेनुसार बदलतात व त्यामुळे रेघ दर वेळी नव्याने आखली जाते. ती कोणत्या पद्धतीने घातली आहे, याला म्हणूनच तिच्या रूपापेक्षा अधिक महत्त्व असते.

पूर्वपीठिका

खिळ्यांच्या छपाईत अशा रेघा खिळ्यांच्या उंचीच्या धातूच्या पट्ट्यांनी उमटवीत. मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांस निमुळती होत जाणारी रेघ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत विशेष लोकप्रिय होती. पानाफुलांच्या आकाराचे खिळे त्याहून जुने आहेत. सोळाव्या शतकातील फ्रेंच अक्षरकार रॉबेर ग्रांजाँ याने घडविलेले असे खिळे एकापुढे एक जुळवून सलग वेलपट्टी तयार करता येत असे. आजच्या ई-पुस्तकांतील बहुतेक शोभारेषा या दोन परंपरांचेच अनुकरण आहेत.

रेघ घालण्याच्या पद्धती

ईपब स्वरूपातील पुस्तक हे वस्तुतः एकत्र बांधलेल्या लहान वेबपानांचा संच असते. मजकूर एक्सएचटीएमएल या खुणांच्या भाषेत असतो, तर त्याचे रूप सीएसएस या शैलीपत्रकात सांगितलेले असते. शोभारेषा या दोहोंपैकी कोठेही घालता येते. उत्तम आणि सदोष पद्धतींतील भेद येथूनच सुरू होतो.

सर्वांत सोपी व टिकाऊ पद्धत म्हणजे शीर्षकाच्या चौकटीला खालची कड देणे. हा गुणधर्म सीएसएसच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे व जुनी वाचनयंत्रेही तो बहुधा मानतात. कडेला वेगळा रंग दिला नाही, तर ती अक्षरांचाच रंग घेते. रात्रीच्या वाचनासाठी पार्श्वभूमी काळी केली की अक्षरांबरोबर रेघही पांढरी होते. मात्र शीर्षकाची चौकट सामान्यतः संपूर्ण ओळीएवढी रुंद असल्याने रेघही तेवढीच लांब येते. ती शीर्षकाच्या शब्दांएवढीच हवी असल्यास चौकटीला सारणीप्रमाणे आक्रसण्याचा आदेश देतात. आखूड, मध्यावरची रेघ हवी असल्यास शीर्षकानंतर शैलीपत्रकातूनच एक रिकामा घटक निर्माण करून त्याला कड देतात. ही लांबी व रेघेच्या वरखालचे अंतर ‘एम’ या अक्षराकाराशी निगडित एककात दिल्यास अक्षरे मोठी केली तरी प्रमाण बिघडत नाही.

वेलबुट्टीसाठी चित्र वापरावे लागते. चित्राला पांढरी पार्श्वभूमी असेल, तर काळ्या पडद्यावर शीर्षकाखाली पांढरा ठोकळा दिसतो. पार्श्वभूमी पारदर्शक व नक्षी काळी असेल, तर नक्षीच नाहीशी होते. दोन्ही पार्श्वभूमींवर उठून दिसेल असा मध्यम रंग निवडणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय होय.

अधोरेखा किंवा समानचिन्हे ओळीने टंकून तयार केलेली रेघ सर्वथा टाळावी. मोठ्या अक्षरांत ती मोडून दोन ओळींवर येते. जुन्या अक्षरजुळणीतील शोभाचिन्हांच्या टंकांची गतही अशीच होते: मूळ टंक हरवला की फुलाच्या जागी एखादे रोमन अक्षर उरते.

देवनागरीतील विशेष प्रश्न

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून उपलब्ध झाली. मराठी विकिस्रोतावरील ग्रंथही ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात. रोमन लिपीसाठी बेतलेली शैली या पुस्तकांना जशीच्या तशी लावली, तर रेघ अक्षरांना भिडते. ‘कुटुंब’ या शब्दाला साधी अधोरेखा दिल्यास ती दोन्ही उकारांना छेदून जाते. अक्षरभाग टाळून अधोरेखा काढण्याची सोय नव्या वाचनप्रणालींत असते, परंतु तिच्यामुळे रेघ तुटक होते. ‘राष्ट्र’, ‘द्वंद्व’ यांसारख्या जोडाक्षरांनाही तीच बाधा होते. चौकटीची कड अक्षरांपासून अलग असल्याने हा दोष सहज टळतो. केवळ कड आणि अक्षरे यांतील अंतर रोमनपेक्षा थोडे अधिक ठेवावे लागते. शिरोरेखेमुळे प्रत्येक शब्दावर आधीच एक आडवी रेघ असते, म्हणून शिरोरेखेच्याच जाडीची शोभारेषा डोळ्यांना खटकते. ती स्पष्टपणे बारीक किंवा स्पष्टपणे जाड असलेली बरी. ई-शाईच्या पडद्यावर फिकट करड्या रंगाची अतिबारीक रेघ मात्र दिसेनाशी होऊ शकते.

ऐकणाऱ्या वाचकांच्या दृष्टीने

एचटीएमएलमधील ‘एचआर’ ही खूण मुळात आडव्या रेघेसाठी होती. एचटीएमएल ५ मध्ये तिचा अर्थ ‘विषयांतर’ असा ठरविण्यात आला. शीर्षकाखाली ती घातल्यास शीर्षक आणि त्याचेच प्रकरण यांत विषय बदलला, असे यंत्राला कळते. अनेक स्क्रीन रीडर तेथे ‘विभाजक’ अशी घोषणा करतात. वीस प्रकरणांच्या पुस्तकात दृष्टिहीन वाचकाला हा निरर्थक शब्द वीसदा ऐकावा लागतो. चौकटीच्या कडेचा असा उच्चार होत नाही. चित्र वापरल्यास त्याचे पर्यायी वर्णन मुद्दाम रिकामे ठेवतात. वर्णनाचा गुणधर्मच गाळला, तर काही यंत्रे चित्राच्या फाइलीचे नाव वाचून दाखवितात. ई-पुस्तके ज्याच्या कक्षेत येतात तो युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे.

पानाची मोड

शीर्षक व रेघ पानाच्या तळाशी आणि मजकूर पुढील पानावर, असे होऊ नये म्हणून शीर्षकानंतर पान न तोडण्याचा आदेश शैलीपत्रकात देतात. रेघ स्वतंत्र घटक असल्यास तिलाही हा आदेश द्यावा लागतो, कारण एरवी शीर्षक व रेघ पानाच्या तळाशी राहून मजकूर पुढील पानावर जाऊ शकतो. काही वाचनप्रणाली हा आदेश पाळत नाहीत. त्यांच्याकरिता प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत ठेवतात, जेणेकरून ते नव्या पानावरच सुरू होते.