शिळाछापाचा दगड कोणाच्या हाती?

जुलमी राजाची खिल्ली समजायला अक्षरओळख लागत नाही, चित्र पुरते. म्हणून सत्ता लेखापेक्षा चित्राला अधिक भिते. फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए याने १८३१ साली राजा लुई-फिलिपला गरिबांचा पैसा गिळणारा खादाड राक्षस म्हणून दगडावर रेखाटले, आणि १८३२ साली तो तुरुंगात गेला. १८३५च्या कायद्याने चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी सक्तीची केली. मजकुरावर मात्र ती सक्ती नव्हती!

शिळाछापाचे तंत्र साधे आहे. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड भिजवायचा. शाई तेलकट रेषेलाच धरते. एका दगडातून शेकडो प्रती निघतात. हे हत्यार आपल्याकडे कोणाच्या हाती पडले, हा माझा प्रश्न आहे.

१८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. रामपंचायतन आणि नाना फडणवीस भिंतींवर चढले. पुढे परक्या सत्तेविरुद्धचा राग पुराणाच्या आडून बोलू लागला. खाडिलकरांच्या 'कीचकवध'मधल्या कीचकात प्रेक्षकांनी कर्झन ओळखला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. हा निषेध खरा होता. पण पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून जगू दिले नाही, त्यांचा जुलमी याच भिंतींवर गतवैभव होऊन बसला होता. त्याचे व्यंगचित्र कोण काढणार?

ते जोतीराव फुल्यांनी शब्दांनी काढले. १८७३च्या 'गुलामगिरी'त त्यांनी मत्स्य, वराह, वामन या अवतारांची देवत्वाची वस्त्रे उतरवून आतला आक्रमक दाखवला, आणि ग्रंथ अर्पण केला गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. किंमत त्यांनाही मोजावी लागली. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झाला. पण सत्यशोधकांच्याच 'दीनबंधू'ने आरंभीची प्रकरणे छापून पुढची थांबवली. भीती सरकारच्याच दारात राहत नाही. ती आपल्या छापखान्यातही शिरते.

माझ्या घरात शिकलेला मी पहिला. गोंदियात विडी वळणाऱ्या आमच्या घरी पुस्तक नव्हते. छापील चित्र होते ते विडीच्या बंडलावरचे लेबल. म्हणून चित्राची ताकद मला ग्रंथांआधी कळली. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो: निषेधाचे कोणतेही चित्र पाहाल तेव्हा त्यातला राक्षस कोण हे विचारा, आणि त्याहून आधी, तो राक्षस ठरवला कोणी, हे विचारा.