ऑक्सिजन सेन्सर काढणे (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाची, आज्ञावली बदलून घेतल्यावर (गॅरेजच्या बोलीत ‘रिमॅप’) बेंडपाइपमधला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी बूच बसवण्याची क्रिया. हार्ले-डेव्हिडसनच्या २००७ पासूनच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांच्या संदर्भात तिची चर्चा विशेष होते. या गाड्यांत पुढच्या व मागच्या सिलिंडरच्या धुरासाठी प्रत्येकी एक सेन्सर असतो.

सेन्सरचे टोक झिर्कोनियाचे असते. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनचा धूर. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकामुळे त्यात व्होल्टेज तयार होते. मिश्रणात पेट्रोल जास्त (रिच) असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, कमी (लीन) असेल तर ०.१ च्या आसपास. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग (वजनाने) हे प्रमाण गाठले की व्होल्टेज ०.४५ जवळून झपकन पालटते. हे काम नीट होण्यासाठी टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेले लागते. बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्वोच्या मोटारींत आला. ईसीयू त्याचा संकेत वाचत पेट्रोल सतत कमीजास्त करतो. यालाच ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच प्रमाणाच्या अगदी जवळ कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे एकाच वेळी कमी करू शकतो.

मग तो काढावासा का वाटतो? हवेने थंड होणारे मोठे व्ही-ट्विन इंजिन १४.७ च्या मिश्रणावर तापते, अशी चालकांची तक्रार असते. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलले की गणित आणखी हलते. म्हणून ट्यूनर (आज्ञावली बदलून देणारा कारागीर) पेट्रोल वाढवतो, पण क्लोज्ड लूप चालू राहिला तर ईसीयू ते वाढीव पेट्रोल पुन्हा कापतो. साधा सेन्सर मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच खात्रीने सांगतो. जोर काढताना लागणारे १३ च्या आसपासचे प्रमाण त्याला नेमके मोजता येत नाही.

सेन्सर काढल्याने ताकद वाढते, हा गैरसमज इथे घट्ट बसला आहे. तसे होत नाही. जो फरक पडतो तो आज्ञावलीमुळे. हार्लेच्या डेल्फी कंपनीच्या ईसीयूमध्ये इंधनाच्या तक्त्यातल्या ज्या घरात १४.६ लिहिलेले असते, तेवढेच घर क्लोज्ड लूपमध्ये चालते. तिथे १३.८ लिहिले की ते घर सेन्सरकडे पाहत नाही. म्हणजे सेन्सर जागेवर असूनही हवे ते मिश्रण देता येते. तो काढण्याची खरी कारणे दोनच: नव्या पाइपला सेन्सरची जागाच नसणे, किंवा डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग करताना त्याच भोकात तात्पुरता वाइडबँड (प्रमाण नेमके मोजणारा) सेन्सर बसवणे. आज्ञावलीतून बंद न करता सेन्सर उपटला तर पी०१३१, पी०१३४ यांसारखे दोषसंकेत उमटतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

काढताना इंजिन कोमट असावे, म्हणजे अडकलेले आटे सुटतात. वायरसाठी खाच असलेला पाना वापरावा. जुन्या १८ मिमी आट्यांच्या सेन्सरला २२ मिमीचा पाना लागतो. हातोडी मारू नये. आतले सिरॅमिक फुटते. बूच आट्यांच्या मापाचे हवे आणि हवाबंद बसायला हवे. तिथून हवा शिरली तर थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो. मोकळ्या कनेक्टरला पाणी लागू देऊ नये.

सेन्सर गेल्यावर नेमके काय गमवावे लागते, हे भारतात आज अधिक महत्त्वाचे आहे. घाटात किंवा लडाखमध्ये हवा विरळ झाली तर हार्लेचा ईसीयू मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ते ओळखतो. त्यासाठी ऑक्सिजन सेन्सर लागत नाही. पण टाकीत पेट्रोल कोणते पडले, हे दाबावरून कळत नाही. २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० पेट्रोलचे योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास असते. १० टक्के इथेनॉलच्या ई१० पेट्रोलवर बसवलेली आज्ञावली सेन्सरशिवाय ई२० वर चालवली, तर मिश्रण सुमारे चार टक्के लीन होते. उष्णता कमी करायला केलेला खटाटोप त्यामुळे काही अंशी वाया जातो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने ईसीयूची आज्ञावली बदलून प्रदूषण वाढवणारी ‘सुपर ट्यूनर’ उपकरणे विकल्याचा आरोप केल्यावर हार्ले-डेव्हिडसनने २०१६ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याची तडजोड केली. आरोपानुसार २००८ पासून अशी सुमारे ३ लाख ४० हजार उपकरणे विकली गेली होती. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

रस्त्यावरच्या गाडीचा सेन्सर काढू नये. आधीच काढला असेल, तर मूळ सेन्सर आणि कंपनीची मूळ आज्ञावली जपून ठेवावी. दोन्ही परत बसवता येतात.