पहिला फटका कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर कॅरम मांडला, की पहिले भांडण ब्रेकचे. पांढऱ्या सोंगट्या त्याच्या आणि मधला घोळकाही त्यानेच फोडायचा! म्हणून जाणत्यांनी ब्रेक आळीपाळीने द्यायचा नियम केला. अमेरिकेतल्या पूल या खेळाचा इतिहास वाचताना हेच भांडण मला तिथेही भेटले.

१९ मार्च १९५४ रोजी ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी विली मॉस्कोनी याने एकदाही न चुकता ५२६ चेंडू पॉकेटात घातले. पण ते टेबल आठ फुटी होते. मोठ्या सामन्यांचे असते नऊ फुटी. पुढे जॉन श्मिटने २०१९ साली ६२६ आणि जेसन शॉने २०२२ साली ७१४ चेंडू घातले, ते नऊ फुटी टेबलावर. मग थोर कोण? मॉस्कोनीचे टेबल लहान खरे. पण तो लोकांपुढे प्रदर्शनाचा सामना खेळत होता. श्मिट मात्र विक्रमासाठीच दिवसचे दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करीत होता. नुसत्या आकड्यांवर निवाडा कसा करावा?

नऊ चेंडूंच्या खेळात तर ब्रेकलाच सारे महत्त्व. जिंकणाऱ्यालाच पुन्हा ब्रेक द्यावा, तर पट्टीचा खेळाडू डावामागून डाव संपवतो आणि दुसरा बिचारा खुर्चीत बसून राहतो. आळीपाळीने दिला, तर दोघांना संधी मिळते. पण सूर लागलेल्याची घोडदौड अडते. २००१ च्या यू. एस. ओपनमध्ये कोरी ड्यूएलने जोराऐवजी हळुवार, मोजका ब्रेक करून नेमका चेंडू पॉकेटात घालण्याची युक्ती साधली आणि अंतिम सामना ११-० असा जिंकला. त्याने नियम मोडला नव्हता. पुढे काही स्पर्धांनी मात्र ब्रेकला निदान तीन चेंडू पॉकेटात पडावेत किंवा ब्रेकच्या बाजूच्या रेषेपर्यंत यावेत, असा नियम केला.

पॉकेटाचे तोंड अरुंद केले, तरी ब्रेकचे माहात्म्य घटते. कारण चूक होते आणि बसलेला उठतो. पण फारच अरुंद केले, तर खेळाडू भित्रे होतात.

मी मास्तर. पेपर फार सोपा काढला, तर हुशार मूल ओळखू येत नाही. फार कठीण काढला, तर नशीबवान तेवढे तरते. न्यायाचे माप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ते दर पिढीला नव्याने शोधावे लागते. तोवर आमच्या ओसरीवर पहिला ब्रेक धाकट्याचा!